प्रयोगवही : पांढरं पडलेलं पाणी आणि हिरवी चांदी

गेल्या अंकात पाल्याच्या काढ्यातून चांदीचे नॅनोकण कसे होतात यावर मी जेमतेम दीड पान खरडलं होतं. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. एका पाकिटात तर कडुलिंबाची वाळलेली डहाळीच निघाली, सोबत चिठ्ठी: ‘बाई, ही चालेल का?’ एकतीस वर्षं सोलापुरात रसायनशास्त्र शिकवलं. वर्गात कुणी एक प्रश्न विचारावा म्हणून गयावया करायची मी. आता निवृत्त झाल्यावर सगळ्यांना शंका सुचल्या आहेत! असो. नेहमीप्रमाणे कुणाचंही नाव छापत नाही.

ज्यांचा मागचा अंक हुकला त्यांच्यासाठी एवढंच: मिलिमीटरचे दहा लाख भाग केले की एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आपला केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. आपण ज्या कणांबद्दल बोलतोय ते १ ते १०० नॅनोमीटरचे. सिल्व्हर नायट्रेट या चांदीच्या क्षाराच्या द्रावणात पाल्याचा काढा घातला की ते तयार होतात आणि पाणी तपकिरी होतं.

पाणी तपकिरी व्हायच्या ऐवजी पांढरं पडलं

*‘बाई, मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. कडुलिंबाच्या पाल्यापासून चांदीचे नॅनोकण आणि त्यांचा जंतूंवर परिणाम असा प्रोजेक्ट आहे. सिल्व्हर नायट्रेटमध्ये काढा घातल्याबरोबर सगळं ताकासारखं पांढरं झालं. खिडकीत ठेवलं तर संध्याकाळपर्यंत जांभळट राखाडी झालं. मैत्रीण म्हणते, झाले कण, फोटो काढ. सर म्हणतात, पुन्हा कर. सबमिशनला तीन आठवडे उरलेत.’ — विद्यार्थिनी, जुळे सोलापूर*

तुझे सर बरोबर आहेत. मैत्रिणीला चहा पाज, पण तिचं ऐकू नकोस.

काढा कोणत्या पाण्यात उकळलास ते तू लिहिलंच नाहीस आणि घोटाळा नेमका तिथेच आहे. सिल्व्हर नायट्रेट तू डिस्टिल्ड पाण्यात विरघळवलं असणार, नाहीतर ते काढ्याची वाट न बघताच पांढरं झालं असतं. पाला मात्र खोलीवर, घरच्या पाण्यात उकळलेला दिसतो. जुळे सोलापुरात नळ कधी येतो ते मला सांगायला नको. मधल्या दिवसांत बोअर चालतो आणि बोअरच्या पाण्यात क्लोराइड असतं. चांदीचा आयन (म्हणजे विद्युतभार असलेला अणू) आणि क्लोराइड भेटले की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका बसतो. बारावीत मिठाची परीक्षा करताना हेच केलं होतंस ना? त्यातून पाणी उकळून आटलं, म्हणजे क्लोराइड आणखी दाट. पाल्यातही थोडं क्लोराइड असतंच, पण तेवढ्याने ताक होत नाही.

संध्याकाळचा जांभळा रंग म्हणजे सिल्व्हर क्लोराइड उजेडात काळवंडलं. जुन्या काळी फोटोचा कागद याच गुणावर चालायचा. म्हणजे मैत्रीण फोटो काढ म्हणाली ते एका अर्थी बरोबरच होतं.

आता पुन्हा कर, आणि असं कर. कोवळा नको, फार जून नको, मधला पाला वीस ग्रॅम घे. नळाखाली धू, मग तीन वेळा डिस्टिल्ड पाण्याने. शेवटचं धुणं महत्त्वाचं, आपल्याकडे पाल्यावर धूळ किती बसते ते तुला माहीत आहे. चिरून शंभर मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात मंद आचेवर दहा मिनिटं उकळ, निवू दे, फिल्टर पेपरमधून गाळ. फ्रिजमध्ये ठेवलास तरी आठवड्याच्या वर वापरू नकोस. डिस्टिल्ड पाणी संपलं म्हणून मुलं गॅरेजमधून बॅटरीचं पाणी आणतात. आण बापडी, पण आधी त्यातल्या चमचाभर पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब टाक. ढग आला तर बाटली परत गॅरेजला.

सिल्व्हर नायट्रेट एक मिलिमोलर लागतं, म्हणजे शंभर मिलिलिटरला सतरा मिलिग्रॅम. चिमटीपेक्षाही कमी! तुम्ही मुलं ‘जास्त घातलं तर जास्त कण’ म्हणून हात सैल सोडता आणि मग मोठाले गोळे तळाला बसतात. पंचेचाळीस मिलिलिटर द्रावणात पाच मिलिलिटर काढा घाल आणि अंधारात ठेव. आधी फिकट पिवळा, मग मधासारखा, मग तपकिरी. किती वेळ लागेल ते पाल्यावर आणि खोलीच्या तापमानावर आहे. एप्रिलमधली आपली खोली आणि पुस्तकातली पंचवीस अंशांची खोली यांत फरक आहे, म्हणून वहीत तापमान लिही. ‘रूम टेम्परेचर’ एवढंच लिहिलेल्या वह्या मी परत करायचे.

आणि हातमोजे घाल. माझ्या धाकट्या बहिणीच्या हळदीला माझी बोटं कोळशात बुडवल्यासारखी काळी होती, कारण आदल्या दिवशी ब्युरेट गळत होतं आणि मी ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणाले होते. कातडीत चांदी बसली की साबण, लिंबू, राख, काही चालत नाही. ती कातडी झिजून जाईपर्यंत थांबायचं. फोटोत मी सगळीकडे हात मागे घेऊन उभी आहे.

आत काय घडतं ते समजून घे, तोंडी परीक्षेत हेच विचारतील. चांदीचा आयन म्हणजे एक इलेक्ट्रॉन गमावलेली चांदी. पाल्यातली फिनॉलं, फ्लॅव्होनॉइडं, साखरा तो इलेक्ट्रॉन देतात आणि आयनाची धातू चांदी होते. असे अणू एकमेकांना चिकटून कण वाढतो. तो वाढतच गेला तर तळाला चांदीचा गाळ बसेल. तसं होत नाही, कारण पाल्यातलीच प्रथिनं आणि इतर रेणू कणाला बाहेरून लपेटतात. भाकरीचे गोळे परातीत एकमेकांना चिकटू नयेत म्हणून आपण पीठ लावून ठेवतो ना, तसं. म्हणजे एकच काढा दोन कामं करतो. याच कामासाठी कारखान्यात सोडियम बोरोहायड्राइडसारखं जहाल रसायन वापरतात आणि वर वेगळा स्थिरक घालतात. २००४ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने कडुलिंबाच्या काढ्यातून चांदीचे, सोन्याचे आणि सोन्यावर चांदीचं कवच असलेले असे तिन्ही प्रकारचे कण करून दाखवले. त्याच वर्षी त्यांनी गवती चहाच्या काढ्यातून सोन्याचे चक्क त्रिकोणी पापुद्रे काढले. तुझ्या प्रोजेक्टचे आजोबा पुण्यात, पाषाण रस्त्यावर आहेत, हे प्रस्तावनेत लिही.

रंग आला म्हणजे झालं नाही. काढा तसाच ठेवला तरी काळपट होतो, म्हणून शेजारी दोन बाटल्या ठेव: एकीत नुसता काढा आणि पाणी, दुसरीत नुसतं सिल्व्हर नायट्रेट. मग यूव्ही-व्हिजिबलवर (द्रावण कोणता प्रकाश किती शोषतं ते मोजणाऱ्या यंत्रावर) ४०० ते ४५० नॅनोमीटरच्या दरम्यान उंचवटा येतो का बघ. एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिक ओळखणारं यंत्र) मिळालाच तर चांदीची शिखरं ३८ आणि ४४ अंशांजवळ दिसतात. बत्तीस अंशांजवळ एक आगंतुक दिसलं तर ते पुन्हा तेच सिल्व्हर क्लोराइड. छापून आलेल्या कितीतरी आलेखांत ते शिखर उभं असतं आणि खाली मजकुरात त्याचं नावही नसतं!

जंतूंच्या भागाकडे मात्र नीट बघ. अगरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, थाळीत भोकं पाडून त्यात कणांचं द्रावण घालशील, रात्रभर सदतीस अंशांवर ठेवशील आणि सकाळी भोकाभोवती स्वच्छ कडं दिसेल. सगळ्यांना दिसतं. प्रश्न असा की ते कडं कुणी पाडलं? रंग आला तरी द्रावणात न वापरलेले चांदीचे आयन शिल्लक असतात आणि जंतू मारायला तेच पुरेसे आहेत. कडुलिंबाचा काढाही थोडंफार करतो. म्हणून कण सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून तळाला बसवून) दोनतीनदा धुऊन घे आणि एकाच थाळीत पाच भोकं पाड: पाणी, काढा, तेवढ्याच ताकदीचं सिल्व्हर नायट्रेट, धुतलेले कण आणि एखादं नेहमीचं अँटिबायोटिक. कणांचं कडं सिल्व्हर नायट्रेटपेक्षा लहान आलं तर घाबरू नकोस, तसंच लिही. कण आयनांपेक्षा मोठे, अगरमध्ये हळू सरकतात. मी परीक्षक असते तर लहान कड्याचा खरा आकडा लिहिणारीला जास्त गुण दिले असते.

उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नकोस. मीठ घालून चांदी खाली बसव आणि गाळ लॅबच्या कचऱ्याच्या बाटलीत जमा कर.

टॉवेलला ‘हर्बल नॅनो सिल्व्हर’

*‘अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे. एक एजंट नीमवाल्या नॅनो सिल्व्हरचं फिनिश विकतोय. म्हणतो वास येणार नाही, पन्नास धुणी टिकतं, हर्बल आहे म्हणून कातडीला काही होत नाही. किलोमागे दर बऱ्यापैकी आहे. घ्यावं का?’ — कारखानदार*

आधी ‘हर्बल’ या शब्दाचा निकाल लावू. कडुलिंब वापरला तो कण तयार करताना. झाला तो कण चांदीचा. पद्धत हिरवी असली म्हणून माल हिरवा होत नाही. गुऱ्हाळात चिपाडं जाळली म्हणून गुळात लाकूड येतं का?

चांदी जंतू मारते हे मात्र खरं आहे. तिचे आयन जंतूच्या प्रथिनांमधल्या गंधकाला धरतात, बाहेरचा पापुद्रा खिळखिळा करतात, आतला कारभार बंद पाडतात. कण बारीक केला की पृष्ठभाग वाढतो आणि आयन सुटायला जागा मिळते. एक सेंटिमीटरचा चांदीचा घन घ्या, साडेदहा ग्रॅमचा, म्हणजे तोळाभरच. त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याचेच दहा नॅनोमीटरचे तुकडे केले तर पृष्ठभाग होतो ६०० चौरस मीटर. पुरुषांच्या कबड्डीची साडेचार मैदानं! म्हणून टॉवेलला चांदी फार थोडी लागते, आणि म्हणूनच एजंटाला ती परवडते.

पण टिकणं हे चांदीवर नाही, ती कापडाला कशाने धरून ठेवली आहे त्यावर आहे. तुम्ही रंगाच्या धंद्यातले, तुम्हाला फास्टनेस मी काय शिकवू? एजंटाला तीन गोष्टी लेखी मागा. किलोभर कापडावर किती मिलिग्रॅम चांदी बसते. बाइंडर कोणता. आणि जंतूंची चाचणी आयएसओ २०७४३ किंवा एएटीसीसी १०० प्रमाणे, तीही न धुतलेल्या आणि धुतलेल्या अशा दोन्ही तुकड्यांवर. नुसत्या थाळीतल्या कड्याचा रंगीत फोटो दाखवला तर चहा पाजून वाटेला लावा.

एक तुमच्या खास कामाची गोष्ट. तुमचा माल हॉटेलांना जात असेल तर तिथली लाँड्री क्लोरीन ब्लीच वापरते. चांदी आणि क्लोरीन भेटले की काय होतं ते वरच्या पत्रात आलंच आहे. पांढरे टॉवेल पिवळट-राखाडी पडून परत आले तर एजंट फोन उचलणार नाही. मोठी ऑर्डर देण्याआधी वीस टॉवेल करून घ्या. दहा घरी साध्या साबणाने धुवा, दहा ब्लीचमध्ये घाला, आणि महिन्याने उन्हात शेजारी शेजारी वाळत टाकून बघा.

धुण्यातून सुटलेली चांदी गटारात जाते, आणि सांडपाणी शुद्ध करणारे जंतू तिला आवडीचे-नावडीचे असे वेगळे करता येत नाहीत. शिवाय जंतूही चांदीला सरावतात. १९७५ साली अमेरिकेतल्या एका भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात चांदीला न जुमानणारा साल्मोनेला सापडला होता. जिथे गरज आहे तिथे चांदी राखून ठेवावी, आंघोळीच्या टॉवेलवर उधळू नये, असं माझं मत. धंदा तुमचा आहे.

सासूबाईंच्या पायाची जखम

*‘सासूबाईंना शुगर आहे. अंगठ्याजवळ जखम झाली आहे, तीन आठवडे भरत नाही. ओळखीच्यांनी तुळशीपासून केलेल्या नॅनो सिल्व्हरची बाटली दिली. जखमेवर लावायचं आणि रोज सकाळी दहा थेंब पाण्यातून घ्यायचे. त्यांना थायरॉइडची गोळीपण चालू आहे.’ — गृहिणी, सात रस्ता*

ताई, हे वाचताय त्या दिवशीच त्यांना डॉक्टरकडे न्या. शुगर असलेल्या माणसाची पायाची जखम तीन आठवडे भरत नाही, ही बाटलीची वाट बघण्याची गोष्ट नाही. पायाची जाणीव कमी झालेली असते, म्हणून दुखत नाही. दुखत नाही म्हणून बरं आहे असं नाही.

थेंब आजपासून बंद. चांदी पोटात घेण्याची शरीराला काडीचीही गरज नाही. ती कातडीत साठत गेली तर कातडी निळसर राखाडी होते, त्याला आर्जिरिया म्हणतात, आणि तो रंग परत जात नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ सालीच सांगून टाकलं की विनाचिठ्ठी विकल्या जाणाऱ्या अशा चांदीच्या द्रावणांना सुरक्षितही मानता येत नाही आणि गुणकारीही. त्यातून थायरॉइडची गोळी आणि काही अँटिबायोटिकं आतड्यातून रक्तात जायला चांदी अडथळा करू शकते. बाटली सोबत न्या, डॉक्टरांना दाखवा.

जखमेवर बाहेरून चांदी लावतात हे खोटं नाही. सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम भाजलेल्या जखमांसाठी १९६८ पासून आहे, चांदीच्या पट्ट्याही मिळतात. पण ती पट्टी कधी लावायची, किती दिवस, आणि त्याआधी जखम किती साफ करायची, हे जखम उघडून बघणाऱ्याने ठरवायचं. तुळशीच्या बाटलीवर ना प्रमाण लिहिलेलं असतं ना बनवल्याची तारीख. तुम्ही पाठवलेला फोटो मी पाहिला, त्यावर फक्त पान छापलंय.

भस्म म्हणजे नॅनोच की!

*‘सुवर्णभस्म, रौप्यभस्म आमच्याकडे शतकानुशतकं आहेत. मग पाल्यापासून नॅनोकण यात नवीन काय? वारितर आणि रेखापूर्ण या परीक्षा नॅनोच्याच आहेत.’ — वैद्य, पंढरपूर*

वैद्यराज, निम्मं मान्य. धातूचे पातळ पत्रे तापवून तेल, ताक, गोमूत्र, कांजी आणि कुळथाच्या काढ्यात पुन्हा पुन्हा बुडवायचे, मग वनस्पतींच्या रसात खल करून पुटं द्यायची, हे ज्यांनी बसवलं त्यांना कण बारीक करण्याचं महत्त्व पक्कं कळलं होतं. काही भस्मांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली नॅनो आकाराचे स्फटिक दिसलेही आहेत.

निम्मं अमान्य ते परीक्षांचं. भस्म पाण्यावर तरंगतं ते पाण्याच्या पृष्ठताणामुळे. बोटाच्या रेषेत भरतं कारण रेषा शेकडो मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोमीटर) रुंद असतात, नॅनोमीटर नाही. आमच्या घरचं मालदांडी ज्वारीचं बारीक पीठ दोन्ही परीक्षांत निम्म्याहून जास्त गुण घेईल. या परीक्षा कच्चं भस्म बाजूला काढायला उत्तम आहेत, पण त्या मायक्रोच्या जगातल्या. भस्मातले नॅनो स्फटिकही बहुधा एकमेकांना घट्ट चिकटून मोठे गठ्ठे झालेले असतात. काढ्यातले कण पाण्यात सुटे तरंगतात.

दुसरा फरक पदार्थाचाच. रौप्यभस्मात चांदी बऱ्याचदा गंधकाशी जोडलेली असते, ती धातू चांदी नव्हे. काढ्यातला कण धातूचा. दोन्हींना ‘नॅनो चांदी’ म्हणणं म्हणजे चुनखडी आणि चुना दोन्हींना ‘पांढरं’ म्हणण्यासारखं. एकाचे गुण दुसऱ्याच्या खात्यावर जमा करू नका, एवढंच म्हणणं आहे.

‘चोवीस तासांत कॅन्सरच्या पेशी खलास’

*‘आमच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलंय. सीताफळाच्या पानांपासून केलेल्या सोन्याच्या कणांनी चोवीस तासांत कॅन्सरच्या पेशी मेल्या म्हणे. माझ्या भावाची केमो चालू आहे. हे कुठे मिळेल?’ — वाचक, बार्शी*

कुठेही मिळत नाही, आणि कुणी देतो म्हणाला तर घेऊ नका. भावाची केमो चालू ठेवा. मध्ये काही पानं, अर्क, थेंब सुरू करायचे असतील तर आधी त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण त्याने औषधाचं गणित बिघडू शकतं.

हे फॉरवर्ड बहुधा खोटं नसतं, अर्धवट असतं. घडतं असं: कॅन्सरच्या पेशी प्लास्टिकच्या थाळीत वाढवतात. आपल्याकडे अशा पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून मिळतात. थाळीत शहाण्णव खळगे, प्रत्येकात काही हजार पेशी. त्यावर कणांचं द्रावण घालतात, चोवीस तासांनी एमटीटी नावाचा पिवळा रंग घालतात. जिवंत पेशी त्याचा जांभळा करतात. जांभळं कमी तर पेशी मेल्या. आता गंमत बघा, काढ्यात जे घटक चांदी-सोन्याला इलेक्ट्रॉन देतात तेच या पिवळ्या रंगालाही देऊ शकतात. म्हणजे पेशी नसतानाही खळगा जांभळा होऊ शकतो आणि आकडा फसवतो. हे तपासलेलं नसलं की मी तो शोधनिबंध पुढे वाचत नाही.

आणि पेशी खरंच मेल्या असं धरलं, तरी त्या खळग्यात फिनाईल ओतलं असतं तरी मेल्या असत्या. विचारायचं ते हे की शेजारच्या खळग्यातल्या निरोगी पेशी तेवढ्याच डोसला जगल्या का? आणि थाळीत यकृत नाही, प्लीहा नाही, रक्त नाही. शरीरात कण शिरला की रक्तातली प्रथिनं काही क्षणांत त्याला चिकटतात, काढ्याने चढवलेलं कवच झाकून जातं, आणि यकृत-प्लीहेतल्या भक्षक पेशी त्याला गिळून बसतात. मूत्रपिंडातून सहज बाहेर जायचं तर कण साधारण साडेपाच-सहा नॅनोमीटरच्या आत हवा. आपले पाल्याचे कण बहुतेक त्याहून मोठे. सोनं काही विरघळत नाही, ते राहतं.

नॅनो औषधं नाहीतच असं नाही. कॅन्सरचं डॉक्सिल १९९५ पासून आहे, पण त्यात धातू नाही, चरबीच्या नॅनो पिशवीत भरलेलं जुनंच औषध आहे. लोहाच्या ऑक्साइडचे नॅनोकण असलेलं फेरुमॉक्सिटॉल २००९ पासून मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तक्षयासाठी शिरेतून देतात. या सगळ्यांना प्रत्येक बॅचचा कण मागच्यासारखाच आहे हे दाखवावं लागतं. पाल्याचं घोडं तिथेच अडतं. श्रावणातलं सीताफळाचं पान आणि मेमधलं पान एकच रसायन देत नाही. बार्शीचं आणि दौलताबादचं तर विसराच. झाडाच्या ज्या विविधतेचं आपल्याला कौतुक, तीच औषधाच्या कारखान्यात डोकेदुखी.

डाळिंबावर तेल्या, नॅनोची फवारणी?

*‘सांगोल्याला चार एकर डाळिंब. तेल्याने बेजार. दुकानदार नॅनो सिल्व्हर फवारा म्हणतो.’ — शेतकरी*

तेल्या जंतूंमुळेच होतो, तेव्हा प्रयोगशाळेत चांदी त्याला मारणार यात नवल नाही. पण बाटलीवर कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक आणि डाळिंब पिकाचं नाव आहे का ते बघा. नसेल तर ती फवारू नका, माल निर्यातीला जाणार असेल तर नक्कीच नको. केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तुमच्या-आमच्याच जिल्ह्यात आहे, छाटणीपासूनचं वेळापत्रक तिथून घ्या. दुकानदाराने तुमचा बाग पाहिलेला नाही.

जाता जाता: डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर, त्यामुळे सालीचा काढा चांदीचे कण झटकन करतो. वरच्या विद्यार्थिनीने पाल्याचा नाद सोडून ज्यूसवाल्याच्या टोपलीतली साल आणली तरी चालेल.

सोनं लाल कसं?

*‘आजीची कोविडची टेस्ट केली होती तेव्हा पट्टीवर लाल रेघ आली. बाई म्हणाल्या त्यात सोनं असतं. सोनं तर पिवळं असतं. बाई चुकल्या का?’ — इयत्ता सातवी, मोहोळ*

बाई चुकल्या नाहीत. अशा पुष्कळ पट्ट्यांमध्ये सोन्याचे नॅनोकण असतात, गरोदरपणाच्या चाचणीतही. काही कंपन्या दुसरे रंगीत मणीही वापरतात, पण गुलाबी-लाल रेघ दिसली की बहुधा सोनंच.

असं समज. अंगठीतल्या सोन्यात इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, त्यांना मैदान मोठं. कण वीसतीस नॅनोमीटरचा झाला की मैदान एवढंसं उरतं. प्रकाश पडला की सगळे इलेक्ट्रॉन एकदम एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, असे झुलतात. सोन्याच्या कणाचा झोका हिरव्या प्रकाशाच्या तालाशी जुळतो, ५२० नॅनोमीटरच्या आसपास. हिरवा गिळला जातो, तुझ्या डोळ्यांपर्यंत लाल उरतो. चांदीचा झोका निळ्या-जांभळ्याशी जुळतो, म्हणून चांदी पिवळी दिसते. सोनं लाल आणि चांदी पिवळी, परीक्षेत उलटं लिहू नकोस!

हे पहिल्यांदा नीट अभ्यासलं मायकेल फॅरडेने, १८५७ साली. त्याने केलेलं सोन्याचं लाल पाणी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवलेलं आहे, दीडशेच्या वर वर्षं झाली तरी खाली बसलेलं नाही. त्यात मीठ पडलं तर मात्र कण एकमेकांना चिकटतात आणि लालाचं निळं होतं.

पट्टीत काय घडतं? सोन्याच्या कणांवर विषाणूला पकडणारी प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. थेंब पट्टीवरून पुढे सरकतो, वाटेत कण विषाणूला धरतात, आणि पुढे ‘टी’च्या रेघेवर बसलेली दुसरी प्रतिपिंडं त्या विषाणूलाच दुसऱ्या बाजूने धरतात. असंख्य कण एका ओळीत अडकले की रेघ दिसते. विषाणू नसेल तर कण तिथे न थांबता पुढे जातात आणि फक्त ‘सी’ची, म्हणजे पट्टी नीट चालल्याची, रेघ उमटते. रोजच्या वापरातला सोन्याच्या नॅनोकणांचा हा सगळ्यात मोठा उपयोग, आणि तिथे सोनं कुणाच्या पोटातही जात नाही.

आजीची पट्टी ठेवली असशील तर रेघ खरवडून सोनं काढायला जाऊ नकोस. सराफ कट्ट्यावर कुणी ती काट्यावरसुद्धा घेणार नाही.